पिवळ्या कापडाचं झाड

वीतभर

वीतभर खणलं तरी जमीन कोरडीच. तिला माती म्हणायचं ते सवयीनं. अर्धवट कुजलेली पानं, मुळ्या, साली, हजारो वर्षांचा ओला पालापाचोळा, जो या वर्षी ओला राहिला नव्हता. इंदू लिनीनं चिमूटभर उचलून बोटांत चोळला. उन्हात वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा. याला एक ठिणगी पुरते. मग तो आठवडेच्या आठवडे धुमसतो, आणि वर नाही, खाली.

समोर सहा पुरुष ओळीनं चर खणत होते. नाकातोंडाला ओली फडकी. दुपार असावी. धुरात सूर्य म्हणजे विझत आलेली विडी.

पश्चिमेला पूर्वी जंगल होतं. मग तिथं सरकारी कालवे आले, कालव्यांनी दलदलीचं पाणी नदीला नेऊन घातलं, भात काही पिकलं नाही, आणि उरली ती उघडी, सुकी जमीन. ती पंधरा दिवस जळत होती. ज्वाळा दिसत नव्हत्या. एखादं उभं झाड कलायचं आणि निजल्यासारखं आडवं व्हायचं, कारण खाली मुळं शिल्लकच नसायची.

चराच्या पश्चिमेला आग. पूर्वेला जंगल. खणायचं ते ओल लागेपर्यंत. आग ओलीला थांबते. त्याच्या अलीकडे ती कुणासाठीच थांबलेली नाही.

"इंदू लिनी, मागं हो," बापा येसी ओरडला. तो तिचा धाकटा दीर आणि गावच्या आग विझवणाऱ्यांचा म्होरक्या. "पायावर फावडं बसलं तर शहरात तुझ्या लेकीला काय सांगू?"

"सांग, आईला आता एकच चप्पल लागते."

खणणाऱ्यांतल्या हान्यीला हसू आलं, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता तो खालीच बसला. "हसवू नकोस गं मिना. हसायला हवा लागते."

लिनीची आई म्हणून इंदू लिनी. येसीचा बाप म्हणून बापा येसी. मिना म्हणजे काकी. कातिंगान नदीच्या काठी या गावात मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव संपतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. वाटतं ते मूल न झालेल्यांना. त्यांना लोक म्हातारपणीही नावानंच हाक मारतात.

तीनशे पावलांची रेघ आखली होती. रेघेच्या बरोबर मध्यावर पांतुंगचं झाड उभं होतं. तीन माणसांच्या कवेत मावणार नाही असं खोड, आणि खोडाला पिवळं कापड.

झाडाच्या सात पावलं अलीकडे फावडी थांबली. कुणाला सांगावं लागलं नाही. माणसं वळसा घालून गेली आणि सात पावलं पलीकडे पुन्हा वाकली.

चौदा पावलं न खणता राहिली.

इंदू लिनीनं ते पाहिलं. तिला बरं वाटलं.


एक हात

बरं वाटलं, कारण त्या झाडावर, तीसेक हात उंचीवर, जिथं खोडाला दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यात, चौसष्टावी होती.

तिच्याकडे एक वही होती. लिनीची जुनी शाळेची वही, मागच्या पानापासून लिहिलेली. जंगलातल्या ऑर्किडांची, या आमऱ्यांची, तिनं तिच्यापुरती नावं ठेवली होती.

    ७. उंदीरशेपटी. सगळीकडे.
    १२. पांढरी, कबुतरासारखी. पावसानंतर नऊ दिवसांनी जंगलभर एकाच सकाळी. संध्याकाळी खलास.
    १९. फूल तांदळाएवढं. चष्मा लावून.
    ३३. काळी जीभ.
    ३४. मुंग्या चावतात. लांबून बघ.
    ४१. (खोडलेलं. झाड पडलं.)
    ४२. (खोडलेलं.)
    ४३. (खोडलेलं.)
    ६४.

चौसष्टच्या पुढे नाव नाही. हिरवट फूल, त्यावर केसाएवढ्या तपकिरी रेषा, पहाटे पिकलेल्या फणसाचा वास, ऊन चढलं की काहीच नाही. विद्यापीठातल्या बाईंना तिनं एकदा फोटो दाखवला होता. बाईंनी तो तीन वेळा मोठा करून पाहिला आणि विचारलं, "हे कुठं आहे?" इंदू लिनी म्हणाली, "होतं कुठंतरी." बाईंनी पुस्तकं चाळली. पुस्तकांतही नव्हतं.

ती खोटं का बोलली हे समजायला आधीचं ठाऊक हवं. ऑर्किडं ओरबाडणारी माणसं बाहेरून आली नव्हती. ती आणि लिनीचा बापच होते. व्यापारी पोत्यावर माल घ्यायचा. लिनीचा बाप चढायचा, ती खाली पोतं धरायची. चढणं कठीण असेल तर झाडच पाडायचं. फूल कोणतं, रंग कोणता, कुणी बघत नव्हतं, पोतं भरायचं. चार वर्षं. लिनी त्यावर शिकली. मग एका सकाळी या पांतुंगाखाली तो फणसाचा वास आला. लिनीचा बाप वर गेला, खाली आला, रिकाम्या हातानं, आणि म्हणाला, "हे असलं मी दुसरीकडं नाही पाहिलं गं."

त्यांनी जंगल पालथं घातलं. दुसरीकडे नव्हतंच.

एक तुकडा आणून दारच्या रबराच्या झाडाला बांधला. चार महिन्यांत मेला. दुसरा आतल्या एका पांतुंगाला बांधला, तोही आठ महिन्यांत गेला. त्या आमरीला हेच झाड हवं होतं, हीच साल, हेच शेवाळ, याच मुंग्या, देव जाणे काय. आणि व्यापाऱ्याची दुसरी माणसं करवत घेऊन याच बाजूला सरकत होती.

ज्या झाडात कुणी राहतं त्याला पिवळं कापड बांधतात. त्या झाडाला कुणी हात लावत नाही. व्यापारीही नाही, त्याच्या माणसांना याच गावात परत यायचं असतं. पण त्यासाठी गावच्या म्हाताऱ्या भगताला, बुए सांगेनला, बोलवावं लागतं, कोंबडा लागतो, हळदीचे तांदूळ लागतात, आणि मुख्य म्हणजे झाडात कुणीतरी राहत असावं लागतं.

यांच्याकडे फक्त कापड होतं. निवडणुकीच्या फलकाचं. अक्षरं आतल्या बाजूला करून बांधलं.

लिनीचा बाप जाऊन सहा वर्षं झाली. आता हे ठाऊक असलेली ती एकटीच.


दोन हात

दुसऱ्या दिवशी झाडाच्या अल्याडपल्याड चर दोन हात गेला. तळाला काळा, दमट थर दिसायला लागला. पुरुष खूश. वेताच्या कोंबांची आमटी आणि आंबट मासा आला होता, तो त्यांनी काठावर बसून खाल्ला. जेवणात धुराशिवाय दुसरी चव नव्हती.

इंदू लिनी न खणलेल्या चौदा पावलांत गेली. गुडघ्यावर बसली. कोपरापर्यंत हात जमिनीत घातला.

ऊब लागली.

तिनं हात काढला, दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा घातला. ऊब. तिसऱ्या जागी बोटांना पांतुंगचं मूळ लागलं, मांडीएवढं जाड, पश्चिमेकडून येणारं. तापाच्या माणसाच्या कपाळासारखं गरम.

आग मुळातून येत होती. सगळ्या रेघेत एवढीच चौदा पावलं तिच्यासाठी उघडी होती, आणि ती उघडी ठेवली होती इंदू लिनीच्या खोटेपणानं. आत जंगलात बासष्ट, एकसष्ट, उंदीरशेपटी, काळी जीभ, पाऊस पडला तर नवव्या सकाळी उमलणारी पांढरी. आणि माकडं, आणि अस्वलं, आणि वहीत नसलेलं सगळं.

खणलं तर मुळं तुटणार. या जमिनीत झाडाची मुळं पसरट असतात. एका बाजूची तोडली की झाड जातं. झाड गेलं की चौसष्टावी गेली.

न खणलं तर सगळीच गेली. चौसष्टावीसकट.

हिशोब इतका सोपा होता.

"बापा येसी, हे खणायला हवं."

"पंप लावतोय ना. भिजवत ठेवू."

"तुझा पंप पोरासारखा मुततो. हात घाल इथं."

त्यानं हात घातला. चेहरा बदलला. हात काढून तो उभा राहिला आणि झाडाकडे न बघता म्हणाला, "झाडामागून वळसा घालू."

"दीड दिवस लागेल. हे संध्याकाळपर्यंत पोचतंय."

"मग काय करू? तिथं फावडं मारू?"

"मार."

बाकीचे उठून आले. इंदू लिनीनं अकरा वर्षं गिळलेलं बाहेर काढलं.

"ते कापड मी बांधलंय."

"कुणीतरी बांधलंच असणार," हान्यी म्हणाला. "झाड स्वतः कसं बांधेल?"

"चेष्टा नको रे. मी आणि लिनीच्या बापानं. बुए सांगेन नव्हते. कोंबडा नव्हता. निवडणुकीचं कापड आहे ते. झाडावर एक आमरी आहे, ती कुणी नेऊ नये म्हणून बांधलं. आत कुणी राहत नाही."

बापा येसीनं झाडाकडे पाहिलं.

"किती वर्षं झाली?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"येसी नऊ वर्षांची आहे."

तिला ते ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तीन मुलं पोटातच गेल्यावर त्याची बायको अंडं आणि पिवळे तांदूळ घेऊन या झाडाखाली येऊन बसली होती.

"माझी बायको इथं रडली. तू कुठं होतीस तेव्हा?"

"इथंच. त्या झुडपामागं. तिनं अंडं ठेवलं ते बघितलं मी."

"आणि बोलली नाहीस."

"नाही."

"बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मी दुवेल होतो," तो म्हणाला. आवाज चढला नाही, उलट उतरला. "पोरंसोरं मला दुवेल म्हणायची. मला बापा येसी कुणी केलं, इंदू लिनी? निवडणुकीनं?"

ती उठली. झाडापाशी गेली. गाठ सुटेना, दातांनी सोडवली. कापड उलटं करून सगळ्यांसमोर धरलं. बघा. वाचा.

वाचायला काही नव्हतं. अकरा पावसाळ्यांनी अक्षरं धुतली होती. उमेदवाराचा चेहराही गेला होता. कापडाच्या मधोमध फक्त एक डोळा शिल्लक होता.

तो सहाही जणांकडे बघत होता.

पुरुष मागं सरले. "मिना," हान्यी हळूच म्हणाला, आणि या वेळी चेष्टा नव्हती, "ते परत बांध."


अडीच हात

तिनं फावडं घेतलं आणि एकटीच खणायला लागली.

खणलं. टाकलं. खणलं. टाकलं. मूळ. कोयता. खणलं.

कुणी अडवलं नाही. कुणी मदतही केली नाही. अर्ध्या तासानं तळहाताची साल निघाली. सारोंगचं टोक फाडून गुंडाळलं. चौदा पावलांपैकी दीड पाऊल, तेही हातभरच खोल. तिच्यापासून दहा पावलांवर जमिनीतून धुराची पहिली सरळ रेघ वर आली.

खणलं. टाकलं.

बापा येसी मोटारसायकल घेऊन गेला होता. तो परतला तेव्हा मागे बुए सांगेन बसले होते. ऐंशीच्या पुढचे, कमरेला गावठी तंबाखूची पिशवी, आणि संतापलेले.

"मला न विचारता बांधलंस?"

"हो, बुए."

"अकरा वर्षं मी इथं तांदूळ उधळतोय! गुडघे दुखतात माझे!"

"हो, बुए."

"रिकाम्या झाडापुढं!"

म्हातारा झाडाभोवती एक फेरी मारून आला. खोडाला कान लावला. खोकला. पुन्हा लावला.

"आहे का कुणी?" बापा येसीनं विचारलं.

"मला काय ठाऊक? माझे कान गेलेत." ते खाली बसले. "तेव्हा नसेल. पण इतकी वर्षं हाका मारल्यात लोकांनी. रिकाम्या घराला रोज हाक मारली तर कुणीतरी येऊन राहतंच की. आता त्याला तसंच घराबाहेर काढायचं? आगीत?"

"मग?"

"दुसरं घर द्या. कापड तिकडं न्या. सांगा त्याला, चल." त्यांनी काठी इंदू लिनीकडे रोखली. "आणि हे हिनं सांगायचं. बांधलं हिनं."

"मला ते शब्द येत नाहीत, बुए."

"मग खोटं बोल. ते येतं तुला."

दोनशे पावलं आत आणखी एक पांतुंग होतं. तिचा दुसरा तुकडा मेला होता तेच. कोंबडा आणायला वेळ नव्हता. डब्यातलं उकडलेलं अंडं घेतलं. ती कापड हातात धरून मोठ्या झाडापुढं उभी राहिली. मागं सहा पुरुष, एक म्हातारा, धूर.

"चल," ती म्हणाली. पुढं सुचेना. "इथं आग येतेय. तिकडं ओल आहे. घर लहान आहे. चालवून घे."

तिकडे जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही, कारण म्हाताऱ्यानं तसं बजावलं होतं. कापड बांधलं. या वेळी डोळा बाहेरच्या बाजूला.


तीन हात

मग सातजण तुटून पडले.

हान्यीनं आधी वर जायचा प्रयत्न केला. लिनीच्या बापानं ठोकलेल्या खुंट्या अजून खोडात होत्या. सहावी मोडली, तो कमरेवर आपटला आणि शिव्या देत उठला. चौसष्टावी आता झाडाबरोबरच खाली येणार होती.

"पूर्वेला पाडा," इंदू लिनी म्हणत होती. "जंगलाकडं पाडा."

दोर लावला. चौघे दोराला. बापा येसी तळाशी उतरून मुळं तोडत होता. प्रत्येक घावाआधी तो ओठ हलवत होता, काय म्हणत होता ते त्यालाच ठाऊक. तीन हातांवर फावड्याखाली पचकन आवाज झाला. ओल. काळं पाणी. कुणीतरी ओरडलं. आणि त्याच वेळी झाड हललं.

पांतुंग वर्षानुवर्षं उघड्या बाजूच्या उजेडाकडे झुकून वाढलेलं होतं. दोर तुटला. ते पश्चिमेला पडलं. चर ओलांडून, आगीकडे.

जमीन थरारली. राखेचा ढग उठला, त्यातून लालसर काही चमकलं. खोड चरावर आडवं, पुलासारखं.

"करवत!" बापा येसी ओरडला. "पूल तोडा आधी!"

इंदू लिनी खोडावर चढली होती.

"ए! कुठं?"

"बेचक्यापर्यंत."

"खाली पोकळ आहे! जमीन नाही तिथं! आमरीसाठी मरतेस काय?"

ती थांबली नाही. त्यानं शिवी हासडली, तुटका दोर घेतला, धावत तिच्या कमरेला आवळला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. "शंभर म्हणेपर्यंत. मग ओढणार. जिवंत असलीस तरी ओढणार."

खोडावरून रांगत तीस हात. साल हाताखाली गरम. बेचक्याचा अर्धा भाग खाली चिरडला होता. उरलेल्या अर्ध्यावर शेवाळ, वेड्यासारख्या पळणाऱ्या मुंग्या, आणि फुगीर हिरवे कंद. तिनं बोटांनी सालीसकट खरवडलं. एक तुकडा. दोन. ब्लाउजात टाकले. मुंग्या चावत होत्या, चावू दे. तीन. चौथा अर्धा करपलेला, तोही. पाचवा लांब होता. तिनं डावा पाय आधाराला खाली टेकवला.

पाय टेकलाच नाही. पोटरीपर्यंत आत गेला.

ती किंचाळली की नाही ते तिला आठवत नाही. पाचवा तुकडा हातात होता एवढं आठवतं. आणि दोर.


जमिनीवर

खोड कापून पूल तोडला, चर टिकला. आग चौदा पावलांपाशी आली, तीन दिवस फुसफुसली आणि ओलीत बसली. पाऊस एकोणीस दिवसांनी आला. त्यानंतरच्या नवव्या सकाळी जंगल पांढऱ्या फुलांनी भरलं. इंदू लिनी तेव्हा दवाखान्यात होती. हान्यीनं एक फांदी तोडून नेली तर ती त्याच्यावरच खेकसली, "तोडलीस कशाला?" मग उशाशी ठेवून घेतली.

डाव्या पायाची तीन बोटं गेली. चप्पल खरंच एकच लागते.

पाच तुकडे तिनं नव्या पांतुंगाला बांधायला लावले होते, बापा येसीला, दवाखान्यात जायच्या आधी, स्ट्रेचरवरून ओरडून. सालीसकट, शेवाळासकट. पहिला तिसऱ्या आठवड्यात मऊ पडला. दुसरा आणि करपलेला चौथा एकाच दिवशी. तिसरा फेब्रुवारीपर्यंत हिरवा होता. तिनं जवळजवळ विश्वास ठेवला होता, तेव्हा तो गेला.

उरला पाचवा. एकच कंद. हिरवा म्हणवत नाही, तपकिरीही म्हणवत नाही. मागच्या तुकड्यानं याच झाडावर आठ महिने काढले होते. आज सात महिने आणि काही दिवस झालेत.

वहीत चौसष्टपुढे तिनं रेघ मारलेली नाही. काहीच लिहिलेलं नाही.

ती रोज जाते. कुबडी रुतते, दोनशे पावलांना अर्धा तास लागतो. झाडाशेजारी खणलेल्या खड्ड्यातलं काळं पाणी ओंजळीनं सालीवर सोडते. कापडातला तो एक डोळा बघत असतो. झाडाखाली हल्ली अंडी दिसतात, तांदूळ दिसतात. कुणाचं काय अडलंय कोण जाणे. ती आता झुडपामागं लपत नाही.

बापा येसी तिच्याशी कामापुरतं बोलतो. काल मात्र तो येसीला घेऊन आला होता. पोरीनं अंडं ठेवलं, मग वर बघून विचारलं, "मिना, हे मेलंय का?"

"माहीत नाही."

"हात लावून बघ ना."

"नको."

ती दोघं गेल्यावर इंदू लिनी तिथंच बसली. डब्यात तिच्या जेवणाचं अंडं होतं. ते तिनं काढलं, मुळाशी ठेवलं. काहीतरी म्हणायला हवं होतं. शब्द अजूनही येत नव्हते, आणि खोटं बोलायला तोंड उघडलं तर तेही येईना.

"राहा," ती म्हणाली. "कोण असशील तर. नसशील तरी."

मग दुसऱ्या दिवशीच्या पाण्यासाठी खड्डा थोडा खोल केला.